वाचक विचारतात: डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन आणि आपण

४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची २५० वर्षं, आणि त्या निमित्ताने गावोगावच्या लायब्ररीत, शाळेत, जुन्या कबरस्तानात निळ्या-पांढऱ्या रिबिनी लावलेल्या बायका आपल्या वाचकांना भेटताहेत आणि मग मला पत्रं येताहेत की ह्या कोण, आणि आपला काही संबंध आहे का. त्यातली काही पत्रं इथे घेतलीत. नावं छापत नाही.

न्यूजर्सीहून एक आई: ताई, मुलगी सहावीत आहे. शाळेतून एक कागद आला, अमेरिकन हिस्ट्री एसे कॉन्टेस्ट, खाली डीएआर असं लिहिलंय. नेटवर बघितलं तर पूर्वजांची सोसायटी असं काहीतरी दिसलं. आमचे पूर्वज तर कोल्हापूरचे. मग तिने भाग घ्यायचा की नाही?

अहो, नक्की घेऊ द्या! वंशाची अट आहे ती सभासद व्हायला, स्पर्धेला नाही. डीएआर म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, वॉशिंग्टनमध्ये ११ ऑक्टोबर १८९० ला सुरू झालेली बायकांची संस्था. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांनी सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन काढली होती आणि बायकांना आत घ्यायला नकार दिला, तर ह्यांनी स्वतःची उभी केली. पहिल्या अध्यक्ष कॅरोलाइन हॅरिसन, म्हणजे तेव्हाचे प्रेसिडेंट बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी. आज देशभर जवळपास ३००० चॅप्टर आहेत आणि खरं काम ते चॅप्टरच करतात, एखाद्या गावातल्या पन्नास-साठ बायका, महिन्यातून एकदा लायब्ररीच्या हॉलमध्ये किंवा चर्चच्या तळघरात भेटणाऱ्या.

स्पर्धा पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी असते. विषय दर वर्षी बदलतो. सहावीपासून साधारण ६०० ते १००० शब्द, शेवटी कुठली पुस्तकं वाचली त्याची यादी द्यावी लागते. आधी चॅप्टरमध्ये निवड, मग राज्य, मग देश. मी म्हणेन त्या यादीवर मेहनत घ्यायला सांगा मुलीला, कारण ह्या बायका पुराव्याला फार मान देतात आणि नेटवरून उचललेलं त्यांना लगेच कळतं. लायब्ररीत जाऊन आपल्याच काउंटीचा इतिहास वाचला, त्यातलं एखादं पत्र किंवा डायरीचं पान निबंधात वापरलं तर लिखाण एकदम जिवंत होतं. तुम्ही न्यूजर्सीत आहात म्हणजे ट्रेंटन, प्रिन्स्टन, मॉनमथ, मॉरिसटाउन, ह्या युद्धाच्या सगळ्या जागा गाडीच्या अंतरावर. मॉरिसटाउनला १७७९-८० च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य लाकडी झोपड्यांत राहिलं, बर्फ आणि उपासमार दोन्ही, तिथे लेकीला एकदा थंडीतच घेऊन जा.

पिट्सबर्गजवळून एक मुलगी, वय १९: मावशी, माझी आई सांगलीची आणि बाबा इथले, पेन्सिल्व्हेनियाचे. बाबांची आई म्हणते की आपले कोणीतरी वॉशिंग्टनच्या सैन्यात होते. मला मेंबर होता येईल का? आणि आईला?

तुला येईल, आईला नाही. अट अशी की वय १८ पूर्ण, आणि ज्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याला मदत केली अशा माणसाची तू थेट रक्ताची वंशज असली पाहिजेस. आईकडून असो की बाबांकडून, चालतं. आईचं नातं लग्नाने आलेलं, म्हणून तिला नाही, आणि बाबांना हवं असेल तर त्यांनी सन्समध्ये जायचं.

पण तुझ्या पत्रातलं "वॉशिंग्टनच्या सैन्यात होते" हे वाक्य मला जरा बाजूला ठेवायचंय. जवळजवळ प्रत्येक घरात ही गोष्ट असते आणि पुष्कळदा ती नेमकी तशी नसते, पण म्हणून दार बंद होत नाही बरं का. सैनिकच असायला हवा असं नाहीये. १९ एप्रिल १७७५ म्हणजे लेक्सिंग्टनची लढाई, ते २६ नोव्हेंबर १७८३ म्हणजे ब्रिटिश न्यूयॉर्क सोडून गेले त्याचा दुसरा दिवस, ह्या काळात कोणी सैन्याला धान्य पुरवलं, गावचा शेरीफ किंवा क्लार्क म्हणून नव्या सरकारचं काम केलं, नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतली, जखमींवर उपचार केले, युद्धासाठीचा सप्लाय टॅक्स भरला, हे सगळं धरलं जातं. बायकासुद्धा पेट्रिअट, म्हणजे स्वातंत्र्याला मदत केलेली व्यक्ती, म्हणून धरल्या जातात. पेन्सिल्व्हेनियात १७७७ मध्ये निष्ठेच्या शपथेचा कायदाच झाला होता, त्याच्या याद्या आहेत, टॅक्सच्या आहेत, मिलिशियाच्या, म्हणजे गावच्या नागरी फौजेच्या, आहेत. तुझं राज्य ह्या बाबतीत श्रीमंत आहे.

आता करायचं काय. तर सुरुवात तुझ्यापासून आणि एकेक पिढी मागे. तू, बाबा, आजी किंवा आजोबा, ह्या पहिल्या तीन पिढ्यांचे जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले लागतील. ते मिळतात. अडचण पुढे येते, कारण पेन्सिल्व्हेनियात राज्याची जन्म-मृत्यू नोंद सुरू झाली १९०६ ला, त्याच्या आधी थोडी वर्षं काउंटीने ठेवली, आणि त्याच्याही मागे गेलीस की चर्चची रजिस्टरं, मृत्युपत्रं, जमिनीचे खरेदीखत, कबरीवरचे दगड. सेन्सस कामाला येतो पण त्याचं गणित नीट समजून घे: १८८० च्या सेन्ससमध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय, म्हणजे मुलगा, सासू, भाची हे कळतं. १८५० ते १८७० मध्ये घरातल्या माणसांची नावं आहेत पण नातं नाही. १८५० च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. आणि १८९० चा सेन्सस बहुतेक सगळा गेला, वॉशिंग्टनमध्ये १९२१ ला आग लागली त्यात. त्यामुळे १८८० आणि १९०० च्या मधे जी मुलगी जन्मली आणि लग्न होऊन गेली ती दोन्ही सेन्ससमध्ये आईबापांच्या घरी दिसतच नाही, आणि नेमकी तीच तुझी पणजीची आई असते!

म्हणून पहिलं काम, डीएआरचा जो ऑनलाइन शोध आहे, जीआरएस म्हणतात, तो कोणालाही फुकट बघता येतो, त्यात आजीच्या माहेरचं आणि सासरचं आडनाव दोन्ही टाकून बघ. प्रत्येक सिद्ध झालेल्या पेट्रिअटला तिथे नंबर असतो आणि त्याच्या कुठल्या मुला-मुलीवरून लोक आत आले ते दिसतं. तुझ्या घरातल्या एखाद्या चुलत आजीने १९२० मध्ये अर्ज केला असेल तर अर्धी वाट तिने चालून ठेवलीय, तिचा अर्ज पैसे भरून मागवता येतो. पण तिथे काही नावांसमोर लाल अक्षरात सूचना दिसतील, की पुढच्या अर्जदाराने सेवा नव्याने सिद्ध करावी, वगैरे. घाबरू नकोस. जुन्या काळी "आमच्या घरी असं सांगतात" एवढ्यावर अर्ज मंजूर झालेत, दोन सारख्या नावाची माणसं एक धरली गेलीत, आणि आताच्या वंशावळ तपासणाऱ्या बायका ते निस्तरताहेत. मला त्यांचं हे काम मनापासून आवडतं. स्वतःच्याच संस्थेच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर लाल शेरा मारायला हिंमत लागते.

आणि नशीब असेल तर पेन्शनची फाईल मिळेल. १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनी म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळू लागलं, त्यासाठी कोर्टात जाऊन आपली हकीकत शपथेवर सांगायची, क्लार्क लिहून घ्यायचा. ऐंशीच्या घरातला माणूस सांगतोय की कॅप्टन कोण होता, कुठून कुठे चाललो, कुठल्या नदीपाशी आजारी पडलो. पुढे विधवांनाही पेन्शन लागू झालं, तर लग्नाचा पुरावा म्हणून त्या बायकांनी घरच्या बायबलमधलं पान फाडून पाठवलं, ज्यावर लग्न आणि सगळ्या पोरांच्या जन्मतारखा शाईने लिहिलेल्या, आणि ती पानं आज नॅशनल आर्काइव्ह्जच्या फायलींत आहेत. अशी फाईल वाचताना रडू येतं गं, माणूस आपला असो नसो.

गावातल्या चॅप्टरला ईमेल कर. रजिस्ट्रार म्हणून जी असते तिचं कामच हे, आणि ती तुझ्यापेक्षा उत्साहाने कागद शोधेल. तुझं दिसणं, तुझं आडनाव, आई कुठली, याचा काही संबंध नाही, कागद जुळले की जुळले. मीटिंगमध्ये प्रार्थना असते, झेंड्याला वंदन असतं, राष्ट्रीय संरक्षणावर दोन मिनिटं, मूळ रहिवासी जमातींवर दोन मिनिटं, मग एखादं भाषण आणि केक. तुझ्या वयाच्या मुली कमी असतात हे खरं, पण त्यांना त्या हव्या आहेत.

आणखी एक सांगते, मावशी म्हणालीस म्हणून. बाबांकडची फाईल करशील तशीच आईकडची पण कर. सांगलीच्या पणजोबांचं नाव, त्यांचं गाव, कुलदैवत, शाळेचा दाखला, सातबारा, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत कोण कधी येऊन गेलं त्याची नोंद. आजी-आजोबा आहेत तोवर फोनवर बसून लिहून घे.

ह्यूस्टनहून एक वाचक: तुम्ही मागच्या अंकात ह्या संस्थेबद्दल दोन चांगल्या ओळी लिहिल्यात. काळ्या गायिका मॅरियन अँडरसनला ह्यांनीच हॉल नाकारला होता हे तुम्हाला माहीत नाही का? ब्राउन लोकांनी अशा ठिकाणी मुलांना का न्यायचं?

माहीत आहे, आणि तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण हे न सांगता संस्थेबद्दल लिहिणं अर्धवट होईल. वॉशिंग्टनमधला कॉन्स्टिट्यूशन हॉल त्यांचा, १९२९ चा. तिथे फक्त गोऱ्या कलाकारांनाच परवानगी असा नियम १९३२ पासून होता, आणि १९३९ मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीने मॅरियन अँडरसनच्या गाण्यासाठी हॉल मागितला तर नाही म्हणाले. तेव्हाच्या प्रेसिडेंटच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः सभासद होत्या, त्यांनी राजीनामा दिला. मग ९ एप्रिल १९३९, ईस्टरच्या रविवारी, अँडरसन लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर गायल्या, समोर ७५,००० माणसं. ही लाज त्या संस्थेची आहे आणि राहणार.

पण माझ्या मते त्याहून जास्त खोल गोष्ट वंशाच्या पुराव्याची आहे. कागदावर चालणाऱ्या संस्थेत ज्यांना कागदच नाकारला गेला त्यांचं काय? जे गुलामीत होते त्यांची नावं १८७० च्या सेन्ससपर्यंत येतच नाहीत, १८५० आणि १८६० ला नुसतं वय आणि लिंग, मालकाच्या नावाखाली. लग्नं कायद्याने मानली नाहीत. मग बाप सिद्ध करायचा कसा? हजारो काळे सैनिक त्या युद्धात लढले, ऱ्होड आयलंडची पलटण तर प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या वंशजांना मात्र दार बंद. नव्या काळात पहिली काळी सभासद म्हणून कॅरेन फार्मर यांचं नाव घेतात, डेट्रॉइटच्या, ते साल १९७७! आणि त्यानंतरही वॉशिंग्टनमध्ये लीना फर्ग्युसन यांना कागद पूर्ण असूनही चॅप्टरमध्ये घेईनात, १९८० च्या दशकात वकील, पेपरात बातम्या, सगळं झालं तेव्हा कुठे मार्ग निघाला. त्या तडजोडीत त्यांनी स्वतःपुरतं मागितलं नाही हे मला फार मोठं वाटतं, त्यांनी मागितलं की क्रांतीत लढलेल्या काळ्या सैनिकांचा शोध संस्थेने घ्यावा. त्यातून पुढे फर्गॉटन पेट्रिअट्स नावाचा जाडजूड ग्रंथ निघाला, २००८ च्या आवृत्तीत काळ्या आणि मूळ रहिवासी सैनिकांची हजारो नावं आहेत, राज्यवार, कुठल्या कागदात सापडलं त्यासकट. आज काळ्या कुटुंबांना आपला माणूस शोधायला तो ग्रंथ उपयोगी पडतो.

तर मुलांना न्यायचं का? न्या, आणि हे सगळं सांगून न्या. चॅप्टरच्या बाईंना मुलाने सरळ विचारू दे, आपल्या गावातले काळे सैनिक कोण होते, त्यांच्या कबरी कुठे आहेत. चांगला चॅप्टर असेल तर उत्तर तयार असेल. नसेल तर त्यांच्यासाठी एक काम निघालं.

शिकागोहून: मागच्या महिन्यात नागरिकत्वाची शपथ झाली. हॉलबाहेर काही बायकांनी छोटा झेंडा दिला, अभिनंदन केलं, फोटो काढला. पैसे वगैरे मागितले नाहीत. ह्या त्याच का?

बहुतेक त्याच! मनापासून अभिनंदन तुमचं. नव्या नागरिकांच्या समारंभाला जाणं हे चॅप्टरचं जुनं काम आहे, १९२० च्या दशकापासून तर बाहेरून आलेल्यांसाठी त्यांनी नागरिकत्वाचं मॅन्युअल वेगवेगळ्या भाषांत छापून फुकट वाटलं. पुढे काही वर्षं समाजासाठी झटलेल्या नव्या नागरिकांना त्या अमेरिकनिझम मेडल पण देतात. आपल्या मराठी मंडळांत असे काका-काकू आहेत ना, फूड पँट्रीत दर शनिवारी उभे राहणारे, नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवणारे? त्यांचं नाव चॅप्टरला सुचवा, मंडळाने एक साधं पत्र लिहायचं, बस.

पुण्याहून एक काका: मुलगी तिकडे असते म्हणून तुमचं सदर वाचतो. त्याच काळात इकडे पेशवाई होती. ह्या क्रांतीचा आपल्याशी काही धागा आहे का, की उगाच आपण दुसऱ्याच्या लग्नात नाचतोय?

काका, धागा आहे आणि चांगला जाड आहे. शत्रू एकच होता आणि तारखा बघा. १७७५ ला तिकडे लेक्सिंग्टन, १७७५ लाच इकडे राघोबादादांमुळे इंग्रजांशी पहिलं युद्ध सुरू. १७७७ ला तिकडे साराटोगाला इंग्रज सेनापती शरण जातो, त्याच वर्षी पुण्यात फ्रेंचांचा माणूस सेंट ल्युबिन येऊन नाना फडणवीसांशी बोलणी करतो आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडते. फ्रान्स १७७८ ला अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला, तर त्याच वर्षी इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली. जानेवारी १७७९ ला वडगावला मुंबईची फौज मराठ्यांपुढे गुडघ्यावर आली. ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण, मे १७८२ ला इकडे मराठे आणि इंग्रजांमधला सालबाईचा तह. हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, टिपूवर गेला तेव्हा मराठे त्याच्या बरोबर होते, आणि मेला गाझीपूरला १८०५ मध्ये, कबर तिथेच आहे.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पेन्सिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच हायडर अली होतं, आपला म्हैसूरचा हैदर अली! तो तेव्हा दक्षिणेत इंग्रजांना झोडत होता आणि ती कीर्ती फिलाडेल्फियापर्यंत पोचली होती. ८ एप्रिल १७८२ ला कॅप्टन जोशुआ बार्नीने ह्या जहाजावरून, स्वतःकडे तोफा कमी असताना, डेलावेअरच्या खाडीत ब्रिटिशांचं जनरल मंक नावाचं जहाज पकडलं. लेकीला म्हणावं नातवंडांना हे सांग, शाळेत कोणाला माहीत नसेल.

बॉस्टनजवळ मुलाकडे राहणाऱ्या एक काकू: दिवसभर घरी असते. इतिहासाची आवड आहे, महाराष्ट्रात असताना किल्ल्यांवर साफसफाईला जायचे. ह्यांच्या कामात आम्हाला हात लावता येतो का?

काकू, तुमच्यासारख्यांचीच गरज आहे. मेंबर नसलं तरी बऱ्याच कार्यक्रमांना लोक लागतात. १७ ते २३ सप्टेंबर कॉन्स्टिट्यूशन वीक, म्हणजे राज्यघटनेचा आठवडा असतो, तो साजरा व्हावा म्हणून डीएआरनेच काँग्रेसकडे अर्ज केला होता आणि १९५६ ला आयझेनहॉवरनी कायद्यावर सही केली. १७ तारखेला दुपारी ४ वाजता गावोगावी घंटा वाजवतात, लायब्ररीत प्रदर्शन मांडतात, टेबलावर बसायला माणूस हवा असतो.

पण किल्ल्यांवर गेलेल्या बाईला कबरस्तानाचं काम जास्त भावेल. बॉस्टनच्या आसपास १७०० च्या काळातले स्लेटचे दगड आहेत, वर पंख असलेली कवटी कोरलेली, खाली नाव आणि वय. चॅप्टर सैनिकाची कबर शोधतो, सेवा सिद्ध करतो, कबरस्तानाची परवानगी घेतो, मग धातूची खूण बसवतो ज्यावर त्यांचं चिन्ह असतं, सूत कातायचं चाक. समारंभाला सन्सची माणसं तिकोनी टोप्या घालून येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुल वाजतं, त्या सैनिकाचं नाव मोठ्याने घेतात. त्याच्या आधी दगड स्वच्छ करायचा असतो आणि तिथे हात लागतात. आपल्याकडे गडावर वायरब्रशने घासतात ना, ते इथे अजिबात चालत नाही. ब्लीच नाही, प्रेशर वॉशर नाही, घरचा साबण नाही. आधी दगड साध्या पाण्याने पूर्ण भिजवायचा, मऊ ब्रश, खालून वर जायचं म्हणजे घाण ओघळून डाग पडत नाहीत, शेवाळासाठी डी-टू नावाचं द्रावण मिळतं ते लावायचं आणि परत भरपूर पाणी. दगड पापुद्रे सुटत असेल किंवा टकटक केल्यावर पोकळ वाजत असेल तर हातच लावायचा नाही, बाईंना सांगायचं. परवानगीशिवाय एकट्याने जायचं नाही, हे मात्र पक्कं.

गावच्या लायब्ररीत रेफरन्स डेस्कला विचारा, लोकल हिस्ट्री रूम कोण सांभाळतं आणि डीएआरच्या चॅप्टरचा संपर्क काय. वसंतात, एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पेट्रिअट्स डे असतो, त्याच्या आधीचे शनिवार साफसफाईला बरे. गुडघ्यांसाठी एक जाड गादी आणि गरम पाण्याची बाटली बरोबर ठेवा, इथला एप्रिल आपल्या डिसेंबरपेक्षा गार.